जिम स्टाइन्स: डब्लिनहून आलेला फुटीवाला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यातच एक गोष्ट कळते. आपल्याकडे ओळख झाली की "मूळ गाव कुठलं?" विचारतात, तसं इथे "टीम कुठली?" विचारतात. क्रिकेटची नव्हे, फुटीची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची. मी आलो तेव्हा घाईत "मेलबर्न" म्हणून मोकळा झालो, कारण शहराचं नाव तेवढं ठाऊक होतं. समोरचा गृहस्थ हसला आणि म्हणाला, "अरेरे." त्या "अरेरे"चा अर्थ समजायला काही वर्षं गेली. समजून घेताना जिम स्टाइन्स भेटला. त्याच्याबद्दल मंडळातल्या कार्यक्रमांत आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यांदा बोललोय की तेच ते प्रश्न आता एका ठिकाणी लिहून ठेवतो.

हा जिम स्टाइन्स कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म १९६६, डब्लिन. अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात आला, कधी न पाहिलेला खेळ शिकला, मेलबर्न क्लबकडून २६४ सामने खेळला, १९९१ मध्ये त्या खेळातलं सर्वोच्च वैयक्तिक पदक जिंकला. निवृत्तीनंतर तरुण मुलांसाठी काम केलं, बुडत्या क्लबचा अध्यक्ष झाला आणि २०१२ मध्ये पंचेचाळीसाव्या वर्षी कर्करोगाने गेला.

दोनपेक्षा जास्त ओळी झाल्या, पण त्याला इलाज नाही.

ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणजे रग्बीच ना?

नाही, आणि हे मेलबर्नमध्ये मोठ्याने बोलू नका. चेंडू रग्बीसारखा लांबट असतो, साम्य तिथेच संपतं. मैदान क्रिकेटचं असतं, म्हणजे लंबगोल. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, चार डाव, ऑफसाइड नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू घातला तर सहा गुण, बाजूच्या आखूड खांबांच्या फटीतून गेला तर एक. चेंडू फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, नाहीतर पायाने मारायचा. धावताना दर पंधरा मीटरच्या आत तो जमिनीला टेकवावा लागतो.

सगळ्यात देखणा प्रकार म्हणजे 'मार्क'. लाथेने आलेला, पंधरा मीटर तरी प्रवास केलेला चेंडू हवेत झेलला की खेळ तिथल्या तिथे थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. त्यासाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून उडी घेतात. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटत नाही.

मेलबर्न क्लब १८५८ चा. एवढे जुने फुटबॉल क्लब जगात फार थोडे आहेत.

डब्लिनचा पोरगा तिथे पोचला कसा?

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून. हे खरंच तसंच आहे.

मेलबर्न क्लबची पडझड १९६४ च्या विजेतेपदानंतर सुरू झाली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक होते रॉन बरासी, याच क्लबचे जुने कर्णधार आणि या खेळातलं फार मोठं नाव. स्थानिक चांगली मुलं दुसरे क्लब पळवत होते. मग क्लबची नजर आयर्लंडकडे गेली. तिथल्या गेलिक फुटबॉलमध्येही चेंडू हाताने आणि पायाने दोन्हीने खेळतात, उंच झेल घेतात, उसंत न घेता धावतात. चेंडू तेवढा गोल. धावणं आणि झेल तयार मिळतात, लाथ आपण शिकवू, असा हिशेब होता. शिवाय शिष्यवृत्ती देऊन शिक्षण करू, असं आमिष.

स्टाइन्स १९८४ मध्ये डब्लिनच्या मायनर संघात, म्हणजे कुमार गटात होता आणि त्या संघाने अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं होतं. उंच, दणकट, धावायला न कंटाळणारा. त्याची निवड झाली आणि त्याच वर्षाअखेरीस तो मेलबर्नला उतरला. त्याच्याआधी आयर्लंडमधल्याच केरीहून शॉन वाइट येऊन स्थिरावला होता, त्यामुळे वाट अगदीच नवी नव्हती.

आल्या आल्या खेळायला मिळालं का?

छे. हा भाग लोक एका वाक्यात उरकतात, मला मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गोल चेंडू कसाही टाका, पायाला साधारण एकसारखाच लागतो. लांबट चेंडूचं तसं नसतं. तो हातातून सोडताना नाक किती खाली आहे, शिवण कुठल्या बाजूला आहे, यावर तो सरळ जाणार की शेजारच्या गल्लीत, हे ठरतं. इथली पोरं हे चार-पाच वर्षांची असल्यापासून शिकतात. माझा मुलगा शनिवारच्या वर्गाला जायला लागला तेव्हा मीही मैदानाच्या कडेला एक चेंडू घेऊन प्रयत्न केला. पहिल्या लाथेला चेंडू सरळ वर गेला आणि माझ्याच मागे पडला. शेजारी उभी असलेली सहा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "तुम्ही तो टाकताय. टाकायचा नसतो, ठेवायचा असतो." चेंडू हवेत 'ठेवायचा', हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

स्टाइन्स हे अठराव्या वर्षी शिकत होता. आधी क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात, मग १९८६ मध्ये त्याला खालच्या स्पर्धेतल्या प्राहरान संघाकडे धाडलं. मुख्य संघात पहिला सामना १९८७ साली. म्हणजे अडीच वर्षं परक्या देशात, घरापासून दूर, कोणी टाळ्या वाजवत नसताना. आपल्याकडच्या जिल्हा क्लबांच्या मैदानावर भर उन्हात नेटमध्ये गोलंदाजी करणाऱ्या पोरांची आठवण व्हावी असा तो काळ.

१९८७ ची 'ती' चूक म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि नीट सांगायचं तर थोडं मागून यावं लागतं.

१९६४ नंतर मेलबर्न बाद फेरीत पोचलंच नव्हतं. तेवीस वर्षं. संघात रॉबर्ट फ्लॉवर नावाचा काडीसारखा बारीक, अतिशय देखणा खेळाडू होता. १९७३ पासून खेळत होता आणि त्याच्या नशिबी एकही बाद फेरीचा सामना आला नव्हता. १९८७ हा त्याचा शेवटचा मोसम. अशा वर्षी मेलबर्न कसंबसं बाद फेरीत घुसलं आणि मग सुटलंच. नॉर्थ मेलबर्नला ११८ गुणांनी हरवलं, सिडनीला ७६ गुणांनी. आता समोर हॉथॉर्न, आणि हा सामना जिंकला की थेट ग्रँड फायनल.

सामना वेव्हर्ली पार्कवर, सप्टेंबरमध्ये. मेलबर्न बराच वेळ पुढे होतं. शेवटच्या क्षणांत चार गुणांची आघाडी उरली होती. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला गोलपासून साधारण पंचावन्न मीटरवर फ्री किक मिळाली. तेवढ्यात भोंगा वाजला, वेळ संपली. नियमाप्रमाणे ही एक लाथ मात्र मारायला मिळते. पंचावन्न मीटर म्हणजे बहुतेक खेळाडूंच्या आवाक्याबाहेरचं अंतर. मेलबर्नने काहीही न करता नुसतं उभं राहायचं होतं.

जिथे फ्री किक मिळते त्या जागेलाही मार्कच म्हणतात. त्या रेषेवर प्रतिस्पर्ध्याचा एकच माणूस उभा राहू शकतो. तो आणि लाथ मारणारा यांच्यामधल्या पट्ट्यातून कोणी जायचं नाही. गर्दीच्या गोंगाटात आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावणारा एकवीस वर्षांचा स्टाइन्स नेमका त्या पट्ट्यातून आडवा गेला. पंचाने शिट्टी फुंकली आणि मार्क पंधरा मीटर पुढे नेला. पंचावन्नाचे चाळीस झाले. बकनाराने चेंडू मधल्या खांबांतून घातला. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८.

फ्लॉवरचा तो शेवटचा सामना ठरला. २७२ सामने, ग्रँड फायनल एकही नाही.

म्हणजे आपल्या चेतन शर्मासारखं?

अगदी. शारजा, १९८६, शेवटचा चेंडू, फुलटॉस, मियांदादचा षटकार. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता त्यांना तो अजून दिसतो. दोघेही एकवीस-बावीसच्या आतले, दोघांचीही एका क्षणाची चूक, आणि दोघांनाही जन्मभर त्यावरूनच ओळखणारे लोक. गंमत म्हणजे ज्या सप्टेंबरात स्टाइन्सच्या डोक्यावर ते खापर फुटलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, चेतन शर्माने नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. तिन्ही त्रिफळे. तरी लोक शारजाच काढतात.

एक फरक मात्र आहे. शर्माची चूक कौशल्याची होती, यॉर्कर चुकला. स्टाइन्सची चूक न कळण्यातून आली. लहानपणापासून हा खेळ खेळलेल्याचे पाय त्या पट्ट्यापाशी आपोआप थांबले असते, जसे आपले पाय देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबतात. त्याचे पाय दुसऱ्या देशात, दुसऱ्या खेळात वाढलेले होते.

पंचाचा निर्णय चुकला का?

नाही. कठोर वाटला तरी नियम तोच होता. पुढच्याच वर्षी हा दंड पंधराचा पन्नास मीटर झाला, म्हणजे आजच्या नियमाने बकनारा जवळजवळ खांबांच्या तोंडाशी आला असता.

मेलबर्नला हरवून हॉथॉर्नने कप नेला?

तोही नाही. पुढच्या आठवड्यात कार्लटनने त्यांना ३३ गुणांनी लोळवलं. मेलबर्नवाले याचं समाधान मानतात की नाही, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

लोकांनी स्टाइन्सला काय वागणूक दिली?

प्रशिक्षक जॉन नॉर्थी यांनी ड्रेसिंग रूममध्ये त्याला फैलावर घेतलं, आणि तिथे कॅमेरा होता. त्यामुळे ते सगळ्या शहराने पाहिलं. आजच्या भाषेत व्हायरल. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. क्लबने त्याला काढलं नाही, आणि तो घरी पळाला नाही. मायदेशी परतायला त्याच्याकडे याहून चांगलं कारण कुठलं होतं? पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला तो मैदानात होता. १९८८ मध्ये मेलबर्न ग्रँड फायनललाही पोचलं. तिथे पुन्हा हॉथॉर्न, आणि या वेळी ९६ गुणांनी पराभव. त्या दिवशी चूक एकट्याची नव्हती, सगळ्यांची होती.

तो खेळायचा कुठल्या जागेवर?

रकमन. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू उंच उडवतो, स्टाइन्सच्या काळात तो जमिनीवर आपटून उडवत. दोन्ही संघांचे दोन ताडमाड गडी उडी घेतात आणि तो आपल्या छोट्या, चपळ साथीदारांकडे टिचकावतात. तो ताडमाड गडी म्हणजे रकमन. स्टाइन्स १९९ सेंटीमीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडा जास्त.

जुन्या काळी रकमन म्हणजे धिप्पाड, उडी मारली की दमून कडेला रेंगाळणारा. स्टाइन्स टिचकावून झालं की धावायला लागायचा, आणि थांबायचाच नाही. चेंडू बचावात गेला की हा तिथे, आक्रमणात गेला की हा तिथे. गेलिक फुटबॉलने दिलेली फुप्फुसं होती ती. प्रतिस्पर्धी रकमनची पंचाईत अशी की त्याच्यामागे धावावं तर दम जातो आणि धावू नये तर तो मोकळा सुटतो. लाथेत तो कधीच फार देखणा झाला नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. पण ज्या कामाला नुसती सवय आणि दम लागतो, त्यात त्याने स्वतःला इतकं पुढे नेलं की त्या जागेकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या.

ब्राउनलो पदक म्हणजे काय? आणि ते एवढं मोठं का?

साखळीच्या प्रत्येक सामन्यानंतर पंच त्या सामन्यातल्या तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात. ती पाकिटं मोसम संपेपर्यंत बंद. मग ग्रँड फायनलच्या आठवड्यात एका रात्री ती एकेक फोडतात, आणि सगळं शहर टीव्हीसमोर बसून बेरीज करतं. १९२४ पासूनची ही प्रथा. मोसमात शिस्तभंगाबद्दल निलंबित झालेल्याला पदक मिळत नाही, मग त्याची मतं कितीही असोत.

१९९१ मध्ये स्टाइन्सला २५ मतं पडली आणि पदक त्याचं झालं. दुसऱ्या देशात वाढून, दुसरा खेळ खेळून, मिसरूड फुटल्यावर हा खेळ शिकलेल्या कोणी ते आधी जिंकलं नव्हतं. आणि मतं दिली कोणी, तर पंचांनी. चार वर्षांपूर्वी ज्या जमातीने त्याच्यासाठी शिट्टी फुंकली होती, त्यांनीच. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तर तो चार वेळा झाला: १९९१, आणि मग १९९५, ९६, ९७ असा सलग तीनदा. शेवटच्या वेळी एकतिशीत होता.

सलग २४४ सामने, यात एवढं काय विशेष?

या खेळात अंगावर चिलखत नसतं. माणसं पूर्ण वेगात एकमेकांवर आदळतात, बोटं निखळतात, बरगड्या तडकतात, गुडघे फिरतात. तेव्हा एका मोसमात साखळीचे साधारण बावीस सामने असत. सगळे खेळणारा खेळाडू प्रत्येक संघात मोजकाच सापडतो. आणि स्टाइन्स तर रकमन, प्रत्येक उडीला कोणाचा तरी गुडघा पोटात घेणारा.

१९८७ च्या उत्तरार्धापासून १९९८ च्या सुरुवातीपर्यंत त्याने एकही सामना चुकवला नाही. २४४. आधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा होता, २०२ सामन्यांचा, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. स्टाइन्सचा विक्रम पाव शतकाहून जास्त टिकला. ती मालिका अखेर मोडलेल्या हाताने थांबवली, आणि त्याच मोसमाच्या शेवटी तो निवृत्त झाला.

आकडे बघताना मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ही मालिका सुरू झाली ती १९८७ च्या साखळीचे शेवटचे पाच सामने बाकी असताना. म्हणजे वेव्हर्ली पार्कवरचा तो सामनाही याच २४४ मध्ये मोजला जातो, आठवा म्हणून. त्यानंतरचा नववा चुकवला असता तर कोणी नावं ठेवली नसती.

कप कधी जिंकला का?

नाही. एकही नाही.

तो आयर्लंडकडून खेळला की ऑस्ट्रेलियाकडून?

दोन्हीकडून. गेलिक फुटबॉल आणि ऑस्ट्रेलियन रूल्स यांची सरमिसळ करून 'इंटरनॅशनल रूल्स' नावाचा खिचडी खेळ तयार केला आहे. त्यात गोल चेंडू, दोन्हीकडचे थोडे थोडे नियम. स्टाइन्स त्यात आधी आयर्लंडच्या बाजूने उतरला आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्याही. आता त्या मालिकेत सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन खेळाडूला दिलं जाणारं पदक त्याच्याच नावाचं आहे. त्याचा भाऊ ब्रायनही मेलबर्नला येऊन पाहून गेला, पण त्याचं मन इथे रमलं नाही. तो परत गेला आणि १९९५ मध्ये डब्लिनबरोबर अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकला. दोन भाऊ, एक गेला नि राहिला, एक परतला. परदेशात स्थायिक झालेल्या कुठल्याही मराठी घरात ही गोष्ट सांगा, जेवणाच्या टेबलावर क्षणभर शांतता पसरेल.

'रीच' ही संस्था काय करते?

१९९४ मध्ये, म्हणजे खेळत असतानाच, स्टाइन्सने चित्रपट दिग्दर्शक पॉल करी यांच्याबरोबर ही संस्था सुरू केली. कुमारवयीन मुलांना एकत्र आणायचं आणि बोलतं करायचं. व्यासपीठ, सत्कार, पाहुण्यांचं मार्गदर्शन असला प्रकार नाही. गोलात बसायचं, आणि सत्र चालवणारेही वयाने थोडेच मोठे. घरातली भांडणं, शाळेतली दादागिरी, आपण कोणालाच नको आहोत ही भावना, यावर मुलं एकमेकांसमोर बोलतात. स्टाइन्सने खेळता खेळता शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला होता, तो इथे कामी आला.

नामवंत खेळाडूंच्या नावाच्या संस्था बऱ्याचदा लेटरहेडपुरत्या असतात. ही तशी नव्हती. निवृत्तीनंतर त्याने स्वतःचा बहुतेक वेळ इथेच घातला. व्हिक्टोरिया राज्याने त्याला २००१ आणि २००३ असं दोनदा 'व्हिक्टोरियन ऑफ द इयर' केलं, ते मुख्यतः या कामासाठी. २००७ मध्ये ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं पदकही मिळालं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरातली मुलगी अशाच एका सत्राला जाऊन आली. आईने विचारलं, काय शिकवलं? ती म्हणाली, "काही नाही. विचारलं." आईचं समाधान झालं नाही. मुलीचं झालं होतं.

क्लबचा अध्यक्ष म्हणून तो यशस्वी झाला का?

इथे उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं आणि दोन्ही खरी आहेत.

क्लबची अवस्था आधी समजून घ्या. १९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न यांचं विलीनीकरण जवळजवळ ठरलं होतं. मेलबर्नच्या सभासदांच्या मतदानात होकार आला, हॉथॉर्नच्या सभासदांनी नकार दिला म्हणून ते बारगळलं. ज्या हॉथॉर्नने दोन गुणांनी हरवलं त्याच हॉथॉर्नच्या नकारामुळे मेलबर्न स्वतंत्र राहिलं! बारा वर्षांनी पुन्हा तीच रड: सुमारे ५० लाख डॉलरचं कर्ज, रिकामी खुर्ची, तळाला गेलेला संघ. २००८ च्या मध्यात स्टाइन्स अध्यक्ष झाला. सभासदांकडे थेट झोळी पसरली, धनवंतांना जेवणाला बोलावून खिशात हात घालायला लावले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कर्ज फिटल्याचं जाहीर झालं. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचे कारभार जवळून पाहिलेल्यांना हा दोन वर्षांचा हिशेब किती अवघड असतो ते सांगायला नको.

मैदानावर मात्र अंधार. २००८ आणि २००९, दोन्ही वर्षी मेलबर्न सगळ्यात शेवटी. त्यातही २००९ मध्ये चांगले नवोदित आधी निवडायला मिळावेत म्हणून संघ मुद्दाम हरला, असा आरोप झाला. त्याची चौकशी २०१३ मध्ये संपली. मुद्दाम हरल्याचा ठपका क्लबवर बसला नाही, पण ५ लाख डॉलरचा दंड झाला आणि दोघांना निलंबन. तोवर स्टाइन्स हयात नव्हता. ३० जुलै २०११ ला जिलाँगने त्यांच्या कार्डिनिया पार्कवर मेलबर्नला १८६ गुणांनी झोडपलं. हो, १८६. हा नुसता आकडा उच्चारला तरी मेलबर्नचा पाठीराखा विषय बदलतो. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक डीन बेली यांना काढलं.

माझं मत विचाराल तर, तिजोरी सावरण्यासाठी त्याला पूर्ण श्रेय, आणि संघ घडवण्यात त्याच्या कारकिर्दीत क्लब सपशेल नापास. त्याच्या आजारपणामुळे लोक हा दुसरा भाग बोलायला कचरतात.

आजार कधी कळला?

जुलै २००९. पाठीवर गाठ दिसली, तपासणीत मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा घातक प्रकार, तोही पसरलेला. पुढे मेंदूत गाठी झाल्या आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. उपचारांच्या मधल्या फटींमध्ये तो क्लबचं काम करत राहिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये अध्यक्षपद सोडलं, २० मार्चला गेला. मागे पत्नी आणि दोन लहान मुलं. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. आत जागा मिळाली नाही ते रस्त्यापलीकडे फेडरेशन स्क्वेअरमध्ये उभे होते.

ऑस्ट्रेलियातलं ऊन आयरिश गोऱ्या कातडीला सोसत नाही, हे इथे सगळे जाणतात. आपण सावळे म्हणून निर्धास्त असतो, तेही फारसं बरोबर नाही. नवा तीळ उगवला किंवा जुना बदलला तर डॉक्टरला दाखवा.

त्याच्यानंतर आयर्लंडहून कोणी आलं?

बरेच. केरीचा टाइग केनेली २००५ मध्ये सिडनीबरोबर कप जिंकला, मग २००९ मध्ये घरी जाऊन केरीबरोबर अखिल आयर्लंडही. झॅक टूही याने २८८ सामने खेळून स्टाइन्सचा २६४ चा आयरिश आकडा मागे टाकला आणि २०२२ मध्ये जिलाँगबरोबर कपही घेतला. आता महिलांच्या लीगमध्येही आयरिश मुली मोठ्या संख्येने दिसतात. पण ब्राउनलो अजून त्यातल्या कोणाच्या घरी गेलेलं नाही.

मेलबर्नला आलो तर त्याच्याशी संबंधित काय बघता येईल?

एमसीजीच्या बाहेर त्याचा पुतळा आहे, क्रिकेटचा सामना बघायला गेलात तरी वाटेत दिसेल. यारा नदीकाठी त्याच्या नावाचा पादचारी आणि सायकलींचा पूल आहे. दोन्ही २०१४ चे. वेव्हर्ली पार्क शोधत जाऊ नका, तिथे आता घरांची वसाहत उभी आहे.

मेलबर्न शेवटी कधी जिंकलं की नाही?

जिंकलं, २०२१ मध्ये. सत्तावन्न वर्षांनी. करोनामुळे ग्रँड फायनल पर्थला हलवली होती, त्यामुळे मेलबर्नचा कप मेलबर्नपासून हजारो किलोमीटर दूर उचलला गेला आणि पाठीराखे टाळेबंदीत घरी बसून रडले. वेस्टर्न बुलडॉग्जना ७४ गुणांनी हरवलं, धाकधूक फार उरली नव्हती.

धाकधूक झाली ती महिनाभर आधी. साखळीतला शेवटचा सामना, जिंकला तर गुणतक्त्यात पहिला नंबर. समोर जिलाँग, मैदान तेच, १८६ वालं, आणि टाळेबंदीमुळे स्टँड रिकामे. मेलबर्न एका क्षणी ४४ गुणांनी मागे होतं. शेवटच्या काही सेकंदांत फरक दोन गुणांवर आला आणि चेंडू मेलबर्नच्या रकमनने झेलला. मॅक्स गॉन, कर्णधार, स्टाइन्स अध्यक्ष असताना क्लबने निवडलेला पोरगा, पाठीवर ११ नंबर. स्टाइन्सचाही ११ होता. भोंगा वाजला. मार्कवर जिलाँगचा एक माणूस उभा राहिला, मधल्या पट्ट्यातून कोणी गेलं नाही. गॉनने चेंडू हातातून नीट खाली ठेवला आणि लाथ मारली. सहा गुण.